वीज पडली दूर, मग गच्चीवरचं वेदर स्टेशन का जळलं?

एपिसोड ऐकून झाला असेल तर उत्तमच. नसेल तर लोकलमध्ये, एसटीत, जिथे असाल तिथे हे वाचा. या भागात आकडे बरेच होते आणि नुसते ऐकलेले आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून जे बोललो तेच जरा नीट लावून इथे दिलंय.

तर प्रश्न असा. मे महिन्याची संध्याकाळ आहे, वळवाचा पाऊस येतोय. अर्धा किलोमीटरवर कुठेतरी वीज पडते. घरातला पंखा चालू, टीव्ही चालू, फ्रिज ठीक. पण गच्चीवरच्या वेदर स्टेशनचा डेटा त्या क्षणापासून बंद. उघडून बघावं तर बोर्डवर कुठे काळा डागसुद्धा नाही, तरी बोर्ड मेलेला. घरावर वीज पडलेली नाही, मग स्टेशन मेलं कसं?

याचं उत्तर नीट समजलं की प्रोटेक्शन कसं लावायचं ते जवळपास आपोआप कळतं. आणि उलट, उत्तर न कळता नुसती महागडी वस्तू आणून लावली तर ती बऱ्याचदा शोभेची ठरते. म्हणून आज आधी ‘का’ आणि मग ‘कसं’.

स्टेशनमध्ये असतं काय?

घरगुती वेदर स्टेशन म्हणजे दोन भाग. बाहेरचा भाग गच्चीवर: वारा मोजणारी फिरती वाटी, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, पाऊस मोजणारी झुलती बादली आणि तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. आतला भाग घरात: ईएसपी ३२ किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड, जो हे सगळं वाचतो आणि वाय-फायवरून पाठवतो. दोन्हींच्या मध्ये एक लांब केबल, साधारण पंधरा ते तीस मीटरची.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एक म्हणजे हा बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो. त्याच्या पिनवर ३.६ व्होल्टच्या वर गेलात की कंपनी हात वर करते. दुसरी म्हणजे त्या नाजूक पिनला आपण तीस मीटर लांब वायर जोडलीय आणि ती इमारतीच्या सगळ्यात उंच जागी नेऊन ठेवलीय. पंखा आणि फ्रिज वाचतात याचं कारण त्यांना अशी वायर नसते आणि त्यांची सहनशक्तीही खूप जास्त असते. २३० व्होल्टवर चालणारी घरगुती उपकरणं साधारण २,५०० व्होल्टचा क्षणिक झटका सोसतील अशा हिशेबानं बनवलेली असतात. कुठे २,५०० आणि कुठे ३.६!

झटका येतो कुठून?

सर्ज घरात शिरायचे तीन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा म्हणजे लाइट. दूर कुठेतरी विजेच्या तारांवर किंवा तारांजवळ वीज पडते आणि झटका तारांवरून प्रवास करत घरच्या मीटरपर्यंत येतो. मोठी मोटर बंद-चालू होणं, गेलेली लाइट परत येणं, यातूनही छोटे झटके येत राहतात.

दुसरा दरवाजा म्हणजे हवेतून येणारं चुंबकीय क्षेत्र. वीज म्हणजे प्रचंड करंट, साधारण ३०,००० अँपिअर, आणि तो काही मायक्रोसेकंदांत वाढतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. इतक्या झटक्यात बदलणारं चुंबकीय क्षेत्र जवळच्या प्रत्येक वायरीत व्होल्टेज तयार करतं. तत्त्व तेच, जे ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं.

हिशेब करून बघू. सेन्सरची केबल गच्चीवरून एका बाजूनं खाली येते, घराची लाइटची वायर दुसऱ्या बाजूनं जाते आणि दोघींच्या मध्ये एक मोठी चौकट तयार होते. समजा तिचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटर आहे. विजेचा करंट दर मायक्रोसेकंदाला २०,००० अँपिअरनं वाढतोय. वीज १०० मीटरवर पडली तर या चौकटीत साधारण १,२०० व्होल्ट तयार होतात. ५०० मीटरवर पडली तर २४० व्होल्ट. १ किलोमीटरवर पडली तरी १२० व्होल्ट. आणि आपली पिन किती सोसते? ३.६. म्हणजे अर्धा किलोमीटर दूरची वीजसुद्धा पुरेशी आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच.

तिसरा दरवाजा सगळ्यात कमी माहीत असलेला: जमीन.

अर्थिंग म्हणजे शून्य व्होल्ट नव्हे

शाळेत आपण शिकतो की जमीन म्हणजे शून्य व्होल्ट. रोजच्या लाइटीसाठी ते ठीक आहे. वीज पडते तेव्हा मात्र ते साफ मोडतं.

वीज जमिनीत शिरते तेव्हा करंट त्या जागेपासून चारी बाजूंना पसरतो. मातीला रोध असतो, म्हणून पडलेल्या जागी व्होल्टेज खूप जास्त आणि जसजसं दूर जाल तसं कमी. तळ्यात दगड टाकल्यावर वलयं उठतात ना, तशी व्होल्टेजची वलयं समजा. आता घराची दोन वेगवेगळी अर्थिंग आहेत, २० मीटर अंतरावर. वीज त्याच रेषेत १०० मीटरवर पडली. बऱ्यापैकी चांगली माती धरली, म्हणजे रोधकता १०० ओहम-मीटर, तरी त्या दोन खड्ड्यांमध्ये साधारण ८०० व्होल्टचा फरक पडतो. कोकणातल्या जांभ्याच्या कातळासारखी जमीन असेल आणि रोधकता दसपट असेल, तर फरकही दसपट: ८,००० व्होल्ट.

झाडाखाली बांधलेली जनावरं वीज अंगावर न पडताही दगावतात, त्यामागेही हेच कारण असतं. पुढचे पाय एका वलयावर, मागचे दुसऱ्या वलयावर आणि मधला फरक शरीरातून वाहतो. जनावराच्या पायांमधलं अंतर माणसापेक्षा जास्त, म्हणून त्याला धोका जास्त.

आता हे चित्र आपल्या स्टेशनवर ठेवा. गच्चीवरच्या खांबाला कुणीतरी ‘वेगळं, स्वतंत्र अर्थिंग’ करून दिलंय. घराच्या लाइटीचं अर्थिंग दुसरीकडे. खांब एका वलयावर, घर दुसऱ्या वलयावर आणि दोघांना जोडणारी एकच वस्तू: आपली सेन्सरची केबल. मग तो सगळा फरक कुठून वाहणार? आपल्या बोर्डातून.

म्हणजे वेगळं अर्थिंग सुरक्षित वाटतं, पण एकमेकांना न जोडलेली दोन अर्थिंग ही एका अर्थिंगपेक्षा वाईट. खांबासाठी खड्डा वेगळा घ्यायला हरकत नाही, पण तो घराच्या अर्थिंगला जाड वायरीनं किंवा पट्टीनं जोडलाच पाहिजे.

तरंगत्या जेटीचा नियम

मग करायचं काय? अर्थिंग इतकं भारी करायचं की व्होल्टेज वाढणारच नाही? ते जमत नाही. वीजरोधक यंत्रणेसाठी अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत असावा असं मानक सांगतं. पण १० ओहममधून ३०,००० अँपिअर गेले तर होतात तीन लाख व्होल्ट! चांगलं अर्थिंग हवंच, पण नुसत्या चांगल्या अर्थिंगनं काम होत नाही.

कोकणात बंदरावर तरंगती जेटी पाहिली असेल. भरती आली की जेटी वर जाते, तिला बांधलेल्या होड्याही वर जातात. पाणी दोन मीटर चढलं तरी होडी आणि जेटी यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. दोर तुटत नाही. पण एक दोर तरंगत्या जेटीला आणि दुसरा धक्क्याच्या दगडी खुंटीला बांधला, की भरतीत काहीतरी तुटणार.

सर्ज प्रोटेक्शनचं सगळं सार यात आहे. व्होल्टेजची भरती आपण थांबवू शकत नाही. आपल्या स्टेशनला जोडलेली प्रत्येक वायर एकाच वेळी, एकत्र वर जाईल एवढी व्यवस्था मात्र करू शकतो. वायरींमध्ये फरकच पडला नाही तर बोर्डातून करंट वाहायला कारण उरत नाही.

त्यासाठी स्टेशनला जोडणाऱ्या सगळ्या वायरी घरात एकाच जागेतून आणायच्या. त्या जागी तांब्याची एक पट्टी बसवायची, तिला अर्थ बार म्हणतात. लाइटचं प्रोटेक्शन, सेन्सरच्या केबलचं प्रोटेक्शन, खांबाची अर्थ वायर आणि घराचं अर्थिंग हे सगळं त्याच पट्टीला, आखूड वायरींनी जोडायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सगळी ट्रॅफिक एकाच गेटवेतून. मागचा दरवाजा एकही उघडा नको.

‘एकही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लाइट आणि सेन्सर दोन्हींना प्रोटेक्शन लावलं आणि मग बोर्डाला राउटरपासून आलेली लॅनची वायर जोडली, तर तिसरा दरवाजा उघडला. त्यापेक्षा वाय-फाय वापरा. वायर नाही, तर दरवाजाही नाही.

तीन पहारेकरी

आता पार्ट. सर्ज प्रोटेक्टर नावाच्या डब्यात आत बहुतेकदा तीनपैकी एक किंवा जास्त वस्तू असतात.

पहिली जीडीटी, म्हणजे गॅस भरलेली छोटी नळी. एरवी तिच्यातून काही वाहत नाही. व्होल्टेज वाढलं की आतल्या गॅसमध्ये ठिणगी पडते आणि ती सरळ शॉर्ट होते. हजारो अँपिअर सोसते, पण जागी व्हायला किंचित वेळ घेते. ९० व्होल्टची म्हणून घेतलेली नळी वेगवान झटक्याला काही शे व्होल्ट पुढे जाऊ देऊनच पेटते.

दुसरी एमओव्ही, निळ्या किंवा पिवळ्या बिस्किटासारखी दिसते. ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की तिचा रोध एकदम पडतो. जीडीटीपेक्षा चपळ आणि ताकद बऱ्यापैकी. मात्र प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक ती थोडी थोडी झिजते.

तिसरी टीव्हीएस डायोड. सगळ्यात चपळ, नॅनोसेकंदांत काम करते आणि व्होल्टेज अगदी खाली धरून ठेवते. पण ताकद कमी.

म्हणून नाजूक पिनसाठी एकावर भरवसा ठेवत नाहीत. दारात पैलवान, आत चपळ माणूस: आधी जीडीटी, मध्ये रेझिस्टर, शेवटी टीव्हीएस.

एक इशारा. जीडीटी एकटीच २३० व्होल्टच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये कधीही लावू नका. झटका गेल्यावरही लाइटचा करंट तिच्यातून वाहत राहतो आणि ती पेट घेऊ शकते. कमी व्होल्टच्या सेन्सर वायरीवर ही अडचण येत नाही.

मेन बोर्डात काय लावायचं?

हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. २३० व्होल्टच्या बाजूला यूट्यूब बघून हात घालू नका. पण वायरमनला काय सांगायचं ते आपल्याला माहीत हवं, कारण ‘साहेब, एमसीबी आहे ना, मग कशाला’ हे उत्तर हमखास येतं. एमसीबी जास्त करंट बराच वेळ वाहिला तर पडतो. सर्ज मायक्रोसेकंदांत येऊन जातो, एमसीबीला पत्ताही लागत नाही. आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवतो, त्याचं काम वेगळं.

वायरमनला हे सांगा:

एक, मेन डीबीमध्ये टाइप २ एसपीडी हवा. इमारतीवर वीजरोधक सळई असेल तर टाइप १ किंवा टाइप १+२ हवा, कारण तिथे खऱ्या विजेचा हिस्सा आत येऊ शकतो.

दोन, जोडणी १+१ पद्धतीची. म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एमओव्ही, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये जीडीटी. एसपीडी आरसीसीबीच्या आधी बसवायचा.

तीन, एसपीडीवर कमाल सतत व्होल्टेज २७५ किंवा ३२० लिहिलेलं असावं. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून ३२० बरा.

चार, एसपीडीच्या आधी कंपनीनं सांगितलेल्या रेटिंगचा एमसीबी किंवा फ्यूज. एमओव्ही म्हातारी होऊन शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: एसपीडीच्या वायरी आखूड. फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थ बारपर्यंत मिळून अर्धा मीटरच्या आत. अर्थची वायर किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची.

वायरीच्या लांबीचं एवढं काय? पुन्हा हिशेब. सरळ वायरीचा इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असतो. ५,००० अँपिअरचा झटका ८ मायक्रोसेकंदांत वाढला तर एका मीटर वायरीवरच सुमारे ६०० व्होल्ट पडतात. समजा एसपीडी स्वतः १,५०० व्होल्टवर धरून ठेवतो. वायरमननं दोन मीटर वायर गुंडाळून, सुबक वळसे घालून बसवली तर वर १,२०० व्होल्ट आले. एकूण २,७००. उपकरणं किती सोसतात? २,५००. गेलं! तोच एसपीडी अर्ध्या मीटरच्या वायरीनं लावला तर १,५०० अधिक ३००, म्हणजे १,८००. वाचलं. पार्ट तोच, किंमत तीच, फरक फक्त वायरीचा.

एक प्रश्न नेहमी येतो: एक्स्टेंशनसारखा स्पाइक गार्ड पुरेल का? डीबीतल्या एसपीडीच्या पुढे दुसरी फळी म्हणून चांगला. पण अनेक जुन्या घरांत सॉकेटची तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते. मग त्या स्पाइक गार्डला झटका अर्थमध्ये ढकलायला जागाच नसते. त्यामुळे आधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, अर्थ टेस्टर लावून, किती ओहम ते विचारा.

मोजायची वेळही बघा. पावसाळ्यात ओल्या मातीत आकडा छान येतो. वीज मात्र जास्त कडाडते ती रोहिणी-मृगाच्या तोंडावर, जमीन सगळ्यात कोरडी असताना. म्हणून मोजणी एप्रिल-मे महिन्यात करा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची जुनी पद्धत आहे, ती उगाच नाही.

सेन्सरच्या वायरीला काय लावायचं?

ही बाजू कमी व्होल्टची, इथे आपण स्वतः हात घालू शकतो.

वाऱ्याची वाटी आणि पावसाची बादली यांच्यात बहुतेकदा साधा रीड स्विच असतो. चुंबक समोर आला की स्विच बंद, गेला की उघडा. सिग्नल संथ, म्हणून रेझिस्टर टाकायला मोकळीक. केबल घरात शिरते तिथे जंक्शन बॉक्स बसवा. त्यात प्रत्येक वायरीपासून अर्थ बारला ९० व्होल्टची जीडीटी. पुढे वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर, एक-दोन वॅटचा, वायरवाउंड. त्याच्यापुढे ३.३ किंवा ५ व्होल्टची टीव्हीएस, सिग्नल आणि बोर्डाचा ग्राउंड यांच्यामध्ये. शेवटी पिनच्या अगदी जवळ १ किलो-ओहमचा रेझिस्टर. बोर्डाचा ग्राउंडही त्याच अर्थ बारला जोडा, एकाच जागी.

हे का चालतं ते बघा. जीडीटीनं समजा ६०० व्होल्ट पुढे सोडले. १०० ओहममधून जास्तीत जास्त ६ अँपिअर जाणार, तेही क्षणभर. एवढं छोटी टीव्हीएस सहज गिळते आणि व्होल्टेज दहाच्या आत आणते. उरलेल्यासाठी १ किलो-ओहम आहे. पिनमध्ये जातात फक्त काही मिलिअँपिअर. चार पार्ट, दोन-तीन वडापावांच्या पैशात. सोल्डरिंग येत नसेल तर तयार सिग्नल एसपीडी मिळतात, डीबीत बसतात तशा पट्टीवर बसणारे. आरएस-४८५ वाले सेन्सर असतील तर त्यासाठी बनवलेलाच एसपीडी घ्या.

केबल कशी नेता यालाही तितकीच किंमत आहे. मघाची चौकट आठवते? चौकट लहान केली की तयार होणारं व्होल्टेज त्याच प्रमाणात कमी. म्हणून सेन्सरची केबल खांबाच्या अर्थ वायरीला आणि भिंतीला चिकटून न्या, गच्चीवर मोकळे वेढे पडू देऊ नका. जमलं तर केबल जीआय पाइपातून न्या आणि पाइप दोन्ही टोकांना अर्थ करा.

खांबाचं काय? अँटेनाच्या खांबांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात किमान १६ चौरस मिलिमीटर तांब्याची अर्थ वायर सांगितलीय. तेच इथे वापरा. वायर बाहेरून, सरळ खाली, काटकोनातली वळणं टाळून. आणि सगळेच सेन्सर उंचावर कशाला? जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर मोजतात. उंची लागते ती वाऱ्याला. तापमान आणि पावसाचे सेन्सर खाली ठेवले तर उंचावर नेऊन ठेवलेल्या नाजूक गोष्टी कमी होतात.

वायरच नको!

खरं सांगू का, सगळ्यात चांगलं प्रोटेक्शन म्हणजे मधली केबलच काढून टाकणं. बाहेरचा भाग स्वतःच्या छोट्या सोलर पॅनलवर आणि बॅटरीवर चालवायचा, डेटा रेडिओनं आत पाठवायचा. घरातल्या लाइटीशी त्याचा काही संबंध नाही. सगळे सेन्सर आणि बोर्ड एकाच डब्याजवळ, वायरी हातभर लांबीच्या. म्हणजे छोटी होडी जेटीला बांधलेलीच नाही, मोकळी तरंगतेय. बाजारात मिळणारी बरीच तयार स्टेशनं अशीच असतात. जवळ वीज पडली तर बाहेरचा डबा तरीही मरू शकतो, पण झटका केबलवरून घरात येत नाही.

नवीन स्टेशन घेणार असाल तर हाच मार्ग घ्या. आधीच केबलवालं असेल तर वरची सगळी मेहनत करा.

जळाला नाही, पण खोटं बोलतोय

हा भाग सॉफ्टवेअरवाला म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मेलेला सेन्सर प्रामाणिक असतो, डेटा बंद होतो आणि आपल्याला कळतं. अर्धा जखमी सेन्सर आकडे देत राहतो. आर्द्रता दिवसरात्र १०० टक्के. हवेचा दाब कालपासून काही हेक्टोपास्कल सरकलेला. वारा सुटलाय आणि वाटी शून्य सांगतेय.

नाशिककडच्या द्राक्षबागेत डाउनीची फवारणी घ्यायची की नाही हे पानावरचा ओलावा, आर्द्रता आणि पाऊस बघून ठरतं. तिथे चुकीचा आकडा म्हणजे एक तर वाया गेलेली फवारणी, नाही तर गेलेला माल. शाळेच्या प्रोजेक्टमध्येही चुकीच्या डेटानं काढलेला आलेख काही कामाचा नाही.

म्हणून प्रत्येक मोठ्या वादळानंतर तीन गोष्टी बघा. एसपीडीची खिडकी हिरवी आहे का? लाल झाली असेल तर कार्ट्रिज बदला. त्यानं आपलं काम केलंय, आता पुढच्या झटक्याला तो नाही. दुसरं, दाब आणि तापमान जवळच्या हवामान खात्याच्या केंद्राशी ताडून बघा. समुद्रसपाटीला आणलेला दाब जवळपासच्या दोन ठिकाणी फार वेगळा असत नाही. तिसरं, कोडमध्ये साधी तपासणी टाका: सहा तास आकडा तिळभरही हलला नाही तर मोबाइलवर नोटिफिकेशन.

हे काय करू शकत नाही

दोन गोष्टींपासून हे प्रोटेक्शन वाचवत नाही.

पहिली, खांबावर थेट पडलेली वीज. त्यासाठी पूर्ण वीजरोधक यंत्रणा लागते. आपण जे करतोय ते जवळ पडणाऱ्या विजांसाठी, ज्या कितीतरी जास्त वेळा पडतात.

दुसरी, न्यूट्रल तुटणं. वाडी-वस्तीवर हे होतं: एका घरातले बल्ब मंद, दुसऱ्यात भगभगीत आणि सॉकेटमध्ये २३० च्या जागी चारशेपर्यंत व्होल्ट. हे मायक्रोसेकंदांचं प्रकरण नाही, मिनिटा-मिनिटांचं आहे. एमओव्ही त्यात तापून जळते. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं वेगळं उपकरण मिळतं, ते डीबीत बसवून घ्या.

माणूस आधी

शेवटचं, आणि हे वगळून बाकी सगळं वाचलंत तर काही उपयोग नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात विजेनं गेलेल्या माणसांची संख्या २,८८७ आहे. यातला मोठा भाग उघड्यावर काम करणाऱ्यांचा असतो.

स्टेशन बंद पडलं म्हणून गडगडाट चालू असताना गच्चीवर जाऊ नका. ‘फक्त केबल काढून येतो’ हेसुद्धा नको. केबल काढायची तर ढग जमायच्या आधी. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे: सरळ आत या. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर तीस मिनिटं थांबा, मगच वर जा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा, ते आपल्या जागेभोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजेचा इशारा देतं. आणि ते नुसतं आपल्या मोबाइलमध्ये ठेवू नका. शेतावर जाणाऱ्या काकांच्या, मामांच्या मोबाइलमध्येही टाकून द्या आणि कसं बघायचं ते दाखवा.

बाकी क्रम सोपा आहे. आधी अर्थिंग मोजा. मग सगळी अर्थिंग एकमेकांना जोडा. मग डीबीत एसपीडी, आखूड वायरींनी. मग सेन्सरच्या केबलला जंक्शन बॉक्स. पैसे कमी असतील तर याच क्रमानं करा, पहिल्या दोन पायऱ्यांना पार्ट जवळपास लागतच नाहीत.

वळीव यायच्या आत एक रविवार काढा. हस्ताचा पाऊस परतताना पुन्हा गडगडेल, तेव्हा एकदा खिडकी हिरवी आहे ना, बघून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!